मावशी, हलू नको

मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत कुणाच्याही घरात शिरून बघा, माझ्या भाचीइतका छळ करून वर इतकी लाडकी राहिलेली मुलगी तुम्हाला सापडायची नाही. ही माझ्या धाकट्या बहिणीची लेक. घर कणकवलीला, कॉलेज अंधेरीला आणि शेवटच्या वर्षाचा मुक्काम भांडुपला, आमच्या दोन खोल्यांत. शिकत होती डिझाइन. डिझाइन म्हणजे साडीच्या पदरावरची नक्षी, अशी माझी भाबडी समजूत होती. तिच्या मते मात्र डिझाइन म्हणजे सुखाने चाललेल्या वस्तूसमोर उभं राहून ‘ही अशी का?’ असं विचारत सुटणं. आधीची वर्षं हे प्रश्न हॉस्टेलने सोसले. शेवटच्या वर्षी प्रोजेक्टला ‘खरं घर आणि खरी माणसं’ लागतात म्हणून ती बाडबिस्तरा घेऊन आमच्याकडे आली, आणि त्या दिवसापासून आमचं घर काही घर राहिलं नाही. आता सगळं पार पडलंय, बाथरूमच्या जाळीतून पाणी पुन्हा जायला लागलंय, म्हणून हसत सांगतेय. तेव्हा विचारलं असतं तर मी तुम्हाला दारातूनच परत पाठवलं असतं.

तिच्या गळ्यात कायम एक टेप असायची. बायका मंगळसूत्र घालतात तशी ही टेप घालायची. आमचे हे सकाळी पेपर वाचत बसले की ही गुपचूप मागून येऊन त्यांचा कोपर जमिनीपासून किती उंच आहे ते मोजायची. नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाचा पंजा मोजला. तो बिचारा इतका घाबरला की पैसे न घेताच निघाला होता, मी जिन्यात गाठून दिले. माझं तर विचारूच नका. मनगट, खांदा, अंगठा, ओट्यापासून नाकापर्यंतचं अंतर, सगळं तिने मोजलं. मी भाजी परतत असले की बाजूला उलट्या बादलीवर बसून मोबाइलने माझ्या हातांचं शूटिंग करायची. वर सूचना, “मावशी, तू नॅचरल वाग. मी इथे नाहीच असं समज.” मोबाइल माझ्या नाकाला लागलेला, आणि ही म्हणे इथे नाही! मी जरा वळले की ओरडायची, “मावशी, हलू नको!” अगं बाई, न हलता फोडणी कशी द्यायची ते तरी तुमच्या कॉलेजात शिकवतात का, असं मी एकदा विचारलं, तर तिने तेही चिठ्ठीवर लिहून भिंतीला चिकटवलं.

हो, चिठ्ठ्या. पिवळ्या, गुलाबी, पोपटी. हॉलच्या भिंतीवर, फ्रिजवर, कपाटाच्या आरशावर. गॅसच्या बटणाजवळ ‘इथे मावशी दोनदा थांबते. का?’ आणि ह्यांच्या खुर्चीमागे ‘काका उठताना देवाचं नाव घेतात. खुर्ची बुटकी?’ सत्यनारायणाला आलेले गुरुजी पूजा सोडून भिंत वाचत बसले आणि जाताना म्हणाले, “घरात बरंच संशोधन चाललंय.” ह्यांनी त्यांना दक्षिणा जरा जास्तच दिली, बाहेर बोलू नये म्हणून.

एवढा सगळा पसारा कशासाठी, तर खवणीसाठी. आमच्याकडे सकाळ-संध्याकाळ नारळ लागतो, मालवणी घर आहे. माझे गुडघे आता पाटाच्या खवणीवर बसू देत नाहीत आणि दुकानातली ओट्याला लावायची, दांडी फिरवायची खवणी वापरली की माझं मनगट रात्रभर ठणकतं. हे मी एकदा जेवताना सहज बोलून गेले. कर्म माझं! भाचीने घास तसाच ताटात ठेवला आणि म्हणाली, “मिळाला. प्रोजेक्ट मिळाला.”

मग सुरू झाल्या खवण्या. आधी पुठ्ठ्याच्या. भंगारवाल्याच्या हातगाडीवर फ्रिजचा खोका दिसला की ही रिक्षा थांबवून उतरायची. मग थर्माकोलच्या, मग लाकडाच्या. बाथरूमची जाळी प्लास्टरने तुंबलेली, आणि तिथेच प्लास्टरच्या नारळाच्या वाट्या सुकत पडलेल्या. ह्यांनी एकदा मदत म्हणून त्यातलीच एक उचलली, जुन्या खवणीवर मनापासून खवली, आणि वर मला सांगितलं की हल्ली नारळ फार जून निघतात. प्रत्येक खवणीला ती घरातल्या माणसाचं नाव द्यायची. जी डुलायची तिला तिच्या बाबांचं, जी करकर वाजायची तिला माझं, आणि एक होती ती दिसायला फार छान पण कामाला शून्य. तिला ह्यांचं. खवून बघायचं म्हणजे नारळ लागणार, आणि खवलेला नारळ टाकायचा कुठे? वर्षभर आम्ही सोलकढी प्यायलो, वड्या खाल्ल्या, भेंडीतसुद्धा खोबरं घातलं. मी जिन्यात दिसले की बिल्डिंगमधली माणसं डबा बघून आधीच “नको नको” म्हणायची.

हसण्यावारी नेत होते मी, पण मुलीचा जीव टांगणीला लागला होता. त्यांच्याकडे वर्षाच्या शेवटी परीक्षक येतात, आपण केलेली वस्तू त्यांच्यासमोर मांडायची आणि ते वाट्टेल ते विचारतात. याला ती मंडळी ज्यूरी म्हणतात. अशी एक छोटी ज्यूरी वर्षाच्या मध्येही झाली. तिथे एका सरांनी तिची खवणी बोटाने जराशी ढकलली आणि म्हणाले, “हे दुकानात मिळतं. यात तुझं काय?” शेवटच्या ज्यूरीतही हेच झालं तर वर्ष पुन्हा करावं लागेल, असंही बजावलं. इकडे कणकवलीहून तिच्या बाबांचा फोन आला. त्यांचं झेरॉक्सचं दुकान आहे आणि दुकानावर त्यांचा फार जीव. “ह्या वर्षी पास नाय झालंस तर गपचूप घराक ये. दुकानात बसाक माणूस होयोच आसा.” दुकानात बसायला त्यांना माणूस हवाच होता. त्या संध्याकाळी ती गॅलरीत नुसती बसून राहिली. टेप गळ्यात नव्हती. मी चहा नेऊन दिला, कप मुद्दाम वेडावाकडा धरला, तरी तिने माझ्या अंगठ्याकडे बघितलं नाही.

पण कोकणातली पोर ती, अशी बसून राहणार थोडीच! दुसऱ्या दिवसापासून पुन्हा भिडली. साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये जाऊन तिने खरी स्टीलची खवणी बनवून घेतली. लांब दांडी, हाताला बसणारी लाकडी मूठ, कीस थेट ताटात पडेल अशी उतरती बाजू. मी पहिल्यांदा फिरवली आणि काय सांगू, मनगटाला कळलंसुद्धा नाही! वाटी बघता बघता साफ झाली. आयुष्यात कुठलीच वस्तू माझ्या हातात इतकी गुण्यागोविंदाने वागली नव्हती. मी तिला मिठी मारली, ह्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्यूरी दोन दिवसांवर होती आणि आम्ही तिघंही पास झाल्याच्या थाटात जेवलो.

दुसऱ्या दिवशी, आणखी कुणीतरी एकदा वापरून बघावी म्हणून, समोरच्या ब्लॉकमधल्या फिलोमिनाबाईंना बोलावलं. मूळच्या मरोळ गावठाणातल्या. नाताळात सगळ्या बिल्डिंगीला नारळाची मिठाई पुरवणारी बाई, हात एकदम तयार. त्यांनी पदर खोचला, वाटी लावली, दांडी धरायला हात घातला आणि थांबल्या. दांडी नको त्या बाजूला. कशीबशी फिरवली तर दाते नुसते घसरले, आणि वाटी सटकून थेट ह्यांच्या पेपरावर. फिलोमिनाबाई खवणीकडे बघत म्हणाल्या, “अगो बाय, ही उलटी हाय गो!”

आता तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहूनच गेली. मी डावखुरी आहे. बघा, तुमच्याही लक्षात आलं नाही ना? भाचीच्याही आलं नाही. म्हणजे तिला माहीत होतं, पण लक्षात नव्हतं. वर्षभर तिने एकाच बाईचे हात मोजले, एकाच बाईचं शूटिंग केलं, एकाच बाईकडून खवून घेतलं. स्वतः एकदाही नारळ खवला नाही, कारण ती ‘निरीक्षण’ करत होती. आणि आमच्या ह्यांना नारळ फक्त खाता येतो. सगळी खवणीच डाव्या हाताची होऊन बसली होती. दांडी डावीकडे, दात्यांचा कल त्याच अंगाला. उलट करून घ्यावी म्हटलं तर वर्कशॉपवाला पुतणीच्या लग्नाला गावी गेलेला.

ती मटकन खालीच बसली. “वाट लागली, मावशी. मी वर्षभर फक्त तुझाच हात मोजला.” डोळ्यांतून घळाघळा पाणी. हे म्हणाले, “आपण खवणी भिंतीकडे तोंड करून ठेवू, कुणाला कळणार नाही.” फिलोमिनाबाई म्हणाल्या, “मी मदर मेरीला मेणबत्ती लावते.” मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. तोही डावाच, आणि या वेळी तो तिच्या लक्षात आला. तिने मान वर केली, तो हात धरला आणि बराच वेळ उलटसुलट करून बघितला. मग नाक पुसून म्हणाली, “मावशी, उद्या तू माझ्याबरोबर चल. जे आहे ते सांगायचं. आणि साडीबिडी नको हं, घरी असतेस तशी ये.” मी म्हटलं, “मग गाऊन घालून येऊ?” तेव्हा कुठे हसली.

ज्यूरीच्या खोलीत मधल्या ज्यूरीतले तेच सर, बाजूला दोन परीक्षक. मी नारळाची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. भाचीने सांगितलं, “ही माझी मावशी, आणि ही तिची खवणी.” मी उठले आणि खवायला लागले. बिल्डिंगमधले लोक उगाच ‘नको नको’ म्हणत नव्हते, हात सरावला होता. सर म्हणाले, “छान. मी बघू?” त्यांनी बाह्या वर केल्या, दांडी धरली, आणि पुढे फिलोमिनाबाईंचीच गत. दाते घसरले, वाटी निसटली, सरांच्या शर्टावर ओल्या खोबऱ्याचा चुरा. “हे उलटं आहे,” ते जरा चिडूनच म्हणाले. “हे वापरताच येत नाही!”

भाचीचा चेहरा पडला. आणि मला काय झालं कोण जाणे, मी बोलून गेले, “साहेब, तुमचं एक मिनिट असं गेलं. माझी सगळी वर्षं अशीच गेली. कात्री उलटी, चोचीची पळी उलटी, शाळेतल्या खुर्चीची लिहायची फळी उलटी. प्रसादाला डावा हात पुढे केला म्हणून किती धपाटे खाल्ले त्याला हिशेब नाही. मला वाटायचं, मीच वेंधळी.”

सरांनी शर्ट झटकला, वाटी पुन्हा लावली आणि या वेळी डाव्या हाताने दांडी धरली. हळूहळू फिरवली. पांढराशुभ्र कीस ताटात पडायला लागला. ते भाचीकडे वळले. “हे तू ठरवून केलंस?”

खोटं बोलायला किती सोपं होतं! मी मनातल्या मनात ‘हो म्हण, हो म्हण’ करत होते. ती म्हणाली, “नाही सर. चुकून झालं. आधी कळलं असतं तर मी ती सरळ केली असती. मग ती दुकानातल्यासारखीच झाली असती, आणि मावशीचं मनगट तसंच दुखत राहिलं असतं.”

सर पहिल्यांदाच हसले. पास केलं, चांगलं पास केलं. बाहेर येऊन आम्ही दोघी कॉलेजच्या पायरीवर बसलो आणि उरलेला कीस साखरेबिखरेशिवाय तसाच खाल्ला. इतकं हलकं मला तिच्या आईच्या बाळंतपणानंतर पहिल्यांदाच वाटलं असेल. कणकवलीला फोन लावला तर तिचे बाबा एवढंच म्हणाले, “बरा झाला.” मग पलीकडून नाक शिंकरल्याचा मोठा आवाज आला आणि फोन कट झाला.

आता ती बेंगळुरूला नोकरी करते, तिथल्या लोकांचे कोपर मोजत असेल. आमच्या भिंती स्वच्छ आहेत, बाथरूममध्ये पाय ठेवायला जागा आहे, हे निवांत पेपर वाचतात. कसं सुटल्यासारखं वाटतं जिवाला! फ्रिजवरची एक गुलाबी चिठ्ठी तेवढी मी काढली नाही, डाग राहील म्हणून. खवणी ओट्यावरच आहे. घरात दुसऱ्या कुणाला ती चालवता येत नाही, आणि मला त्याचा भारी अभिमान आहे.

दर रविवारी तिचा फोन येतो. “मावशी, फीडबॅक दे. मनगट दुखतं का?”

“किंचित दुखतं गं,” मी सांगते.

“कुठे? अंगठ्याकडे की करंगळीकडे?”

“अंगठ्याकडे. हल्ली जरा जास्तच.”

“थांब, पुढच्या महिन्यात रजा टाकून येते. मोजायलाच लागेल.”

फोन ठेवला की हे पेपरामागून विचारतात, “काय गं, खरंच दुखतंय?” मी त्यांना गप्प बसा म्हणते आणि नारळ फोडायला घेते. दुखत कसलं, काही दुखत नाही. पण ती येईल, गळ्यातली टेप काढेल, माझा डावा हात हातात घेईल आणि म्हणेल, “मावशी, हलू नको.” मी मुळीच हलणार नाही.