पाचच्या ठोक्याला घरी गेलेली माणसं

आठ तासांपुढे काम घेतलं तर दुप्पट मजुरी द्यायची, असा कायदा आहे. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या त्या कारखान्याच्या मालकाने तो कागदोपत्री कधीच मोडला नाही. पाचच्या ठोक्याला सगळ्यांची कार्डं हजेरीच्या मशीनमधून निघायची, माणसं मात्र आठपर्यंत पुठ्ठा कापत बसायची. पगार किमान वेतनाइतका, अगदी तंतोतंत.

कुणी काम सोडून रांगेत ताटकळू नये म्हणून दादा सगळी पंचवीस कार्डं पत्त्यांच्या कॅटासारखी हातात धरून एकटेच उरकायचे. साठीला टेकलेले जुने कामगार, स्वभावाने भित्रे. पण या कामात एक दिवस खाडा नाही.

"दादा, माझं राहिलं वाटतं!" कटाईवरून मेहुणा ओरडायचा.

"तुला केव्हाच घरी पाठवलंय, मेहुण्या! पाय धुऊन चहासुद्धा झाला तुझा."

हशा पिकायचा. मेहुणा म्हणजे धाकट्या बहिणीचा नवरा. दादांनीच शब्द टाकून त्याला इथे चिकटवलं होतं.

एका मंगळवारी साडेसहाला कटाईच्या मशीनमध्ये पुठ्ठा अडकला. तो काढायला मेहुणा आत वाकला आणि मशीन फिरलं. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

मालकाने लेखी कळवलं: सदर कामगार पाच वाजता घरी गेला होता. नंतर तो आत कशाला शिरला, माहीत नाही. भरपाईचा प्रश्नच येत नाही.

"दादा, तू होतास ना तिथे?" बहीण म्हणाली. "मग सांग की चारचौघांत."

नोकरी जाणार हे उघड होतं. तरी दादा तिच्यासोबत कामगार कार्यालयात गेले आणि घडाघडा बोलले. कार्डं मीच मारतो, माणसं आठपर्यंत राबतात, मी त्याच्यापासून दहा पावलांवर होतो.

अधिकारी बाई भल्या होत्या. त्यांनी मालकाने पाठवलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यातून एक कार्ड काढलं.

"काका, हे तुमचं. तुम्हीही पाचलाच गेलात की."

"तेही मीच मारलं, बाई."

"आणखी कोण होतं आत?"

दादा एकेकाचं नाव घेत गेले, बाई एकेक कार्ड समोर मांडत गेल्या. सगळ्यांवर पाच. वर आदल्याच दिवशी प्रत्येकाने मालकाला सही करून दिली होती, आम्ही पाचला घरी गेलो म्हणून.

"हे रात्री साडेआठला घरात पाऊल टाकायचे," बहीण म्हणाली. "रोज ताट मी वाढायचे. माझं लिहून घ्या."

"घेते, ताई. पण तुम्ही घरच्या. तेवढ्यावर कितपत टिकेल, सांगता येत नाही."

अर्ज दाखल झाला. पुढची तारीख मिळाली.

जिन्यात दादांनी तिच्या हातातली पिशवी घ्यायला हात पुढे केला. तिने दिली नाही.

"त्या एका दिवशी तरी विसरायचं होतंस रे, दादा."