सोमवारी कळलं, बुधवारी गेलो

बैठकीला आल्या की बाई आधी खुर्च्या हलवायच्या. हवालदार, नर्स, मी आणि त्या स्वतः असे चौघे एका टेबलाशी खेटून बसलो की म्हणायच्या, "हां, आते तुमना कागद दखाडा." तुमच्याही कचेरीत असं एखादं माणूस असेल, ज्याला येताना पाहून बाकीच्यांना बाहेरची कामं आठवतात.

त्या अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिका, शहाद्याच्या एका शिंप्याची मुलगी. साहेबांसमोर पुस्तकी मराठीत सुरुवात करायच्या, राग आला की अहिराणीवर यायच्या. मी पंचायत समितीत आकडेवारी सांभाळतो. गावोगावच्या मुलांच्या बेरजा जुळवणं हे माझं काम. मला चिडवायच्या, "भाऊ, तुमनी बेरीज बराबर शे. पोरं कोठे शेतस?"

त्या सोमवारी चौघांच्या वह्या एकदम उघडल्या. म्हसावदपलीकडच्या गावातलं एक घर. नवरा, बायको, पाच वर्षांची मुलगी. अंगणवाडीच्या वहीत आणि माझ्या यादीत घर ऊसतोडीला गुजरातेत गेलेलं. नर्सच्या वहीत मात्र त्याच बाईच्या डोक्याला आठ दिवसांपूर्वी टाके घातलेले, कारण 'पडली'. हवालदाराच्या वहीत शेजाऱ्याची मारहाणीची तक्रार. बाईंनी चारही पानांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "गुजरातमा गयेल बाईनं डोकं आठे कसं फुटनं?"

त्या लगेच निघायचं म्हणत होत्या. हवालदार म्हणाला, पत्राशिवाय मी येणार नाही. मीही सांगितलं की संयुक्त भेटीला पोलीस, आरोग्य आणि पंचायत समिती अशा तिन्ही कार्यालयांच्या सह्या लागतात, त्या मी मिळवतो. नियमाने ते बरोबर होतं. माझ्या शब्दावर बाई थांबल्या.

सह्या मिळायला दोन दिवस लागले.

बुधवारी दुपारी एकाच जीपने गेलो. दाराला बाहेरून कडी. आत बायको जमिनीवर पडलेली, जबडा एका बाजूला सरकलेला, वाळल्या रक्तावर माश्या. मुलगी धान्याच्या कोठीमागे. तिचा उजवा तळवा मनगटापर्यंत भाजलेला. बापाने तो हात चुलीत धरला होता, हे नंतर कळलं.

तेवढ्यात नवरा शेतातून कुऱ्हाड घेऊन आला. हवालदार अजून जीपपाशी होता, मी उंबऱ्यात. बाई मुलीच्या पुढे झाल्या. कुऱ्हाडीचा तुंबा, पात्यामागची बोथट बाजू, त्यांच्या डाव्या कानावर बसला. त्या पडल्या, पण पडता पडता त्याचा पाय धरला आणि पोटरीला दात लावले. हवालदार धावत आला, लाठीने त्याला आडवा केला, तेव्हाच त्यांनी दात सोडले. लाठीचे नऊ फटके मी मोजले. मोजायची सवय वाईट.

शुक्रवारी बायको दवाखान्यात वारली. मुलीला लोणखेड्याचा मामा घेऊन गेला. बाईंचा डावा कान कायमचा गेला.

जबाब द्यायच्या आदल्या दिवशी मी आणि हवालदार त्यांच्या खाटेशी गेलो. हवालदाराने हात जोडले. मी समजावलं, सोमवार तेवढा लपवा, बुधवारी कळलं आणि बुधवारीच गेलो असं लिहा, नाहीतर चौघेही अडकतो. पट्टी बांधलेलं डोकं त्यांनी भिंतीला टेकवलं.

"सोमवार कोठे दपाडू, भाऊ?"

जबाबात त्यांनी दोनच ओळी लिहिल्या. सोमवारी कळलं. बुधवारी गेलो. खाली चौघांची नावं, पहिलं स्वतःचं. चौकशीत मला विचारलं, हे खरं का? मी हो म्हणालो. आम्हा तिघांना ताकीद मिळाली. खोटी नोंद मूळ अंगणवाडीच्या वहीतली, म्हणून बदली त्यांची झाली, वर सातपुड्यात.

निरोपाला शहाद्याच्या स्टँडवर मी एकटाच होतो. त्या खिडकीशी बसल्या होत्या, नजर समोर. मी गजाला धरून म्हणालो, "बाई, त्या दिवशी तुमचं ऐकायला हवं होतं." त्यांनी मान वळवली नाही. मला वाटलं, रागावल्या आहेत.

बस वळण घेऊन गेली. मी त्यांच्या डाव्या बाजूला उभा होतो.