कॅपिटल अक्षरांतला मेल

मित्रांनो, आज सकाळी नालवाडीला दिगांबरच्या तेरवीला गेलो होतो. हिंगणीच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो.

त्याच्या बायकोनं विचारलं, "काऊन नाई आले भाऊजी? दवाखान्यातून त्यायनं तुमाले मेल केलता. रोज दाराकडे पाहत."

"देवाशपथ वहिनी, मेल आलाच नाही," मी म्हणालो.

तुम्हाला मी लिहिलेला मेल गाळणारा प्रोग्राम ठाऊकच आहे. शरीर जसं परका जंतू ओळखून मारतं, तसा तो नको असलेले मेल ओळखून बाजूला टाकतो. संपूर्ण इंग्रजी कॅपिटल अक्षरांतला मेल परक्याचाच, हे मीच त्याला शिकवलं.

मी शिकवतो त्या कॉलेजात परतून टाकून दिलेले मेल उघडले. त्यांत दिगांबरचा होता. एका बोटानं टाइप करणाऱ्या माझ्या मित्राला लहान अक्षरं कशी करायची तेच माहीत नव्हतं. आपली बोली त्यानं सगळ्या इंग्रजी कॅपिटल अक्षरांत लिहिली होती, "एकदा येजो. लय भेव वाटून राह्यलं."

प्रोग्राम चुकला नाही, मित्रांनो. त्यानं माझंच ऐकलं.

संध्याकाळी देवापुढे दिवा लावला, पण हात जोडवेनात. वहिनींना हे सांगू का? सांगून त्यांचं दुःख हलकं होईल, की फक्त माझं?