पालथा पडलेला सरदार

मी या विषयावर लिहीन असं वर्षभरापूर्वी कोणी म्हणालं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. मी सानपाड्याला राहतो आणि बेलापूरच्या एका ऑफिसात विम्याचे क्लेम तपासतो. म्हणजे समोरचा खोटं बोलतोय हे धरूनच माझा दिवस सुरू होतो. फ्लॅटची वास्तुशांत आईच्या हट्टापायी केली, तीसुद्धा गुरुजींना ‘जरा शॉर्टमध्ये आटपा’ असं सांगून. माझा स्वभाव कळावा म्हणून हे आधी सांगितलं... पुढचं तुम्हीच ठरवा.

आम्हा तिघांचा एक छंद. अंगठ्याच्या पेराएवढे सैनिक हाताने रंगवायचे, टेबलावर डोंगर, नदी, गढी मांडायची, पट्टीने अंतरं मोजत आणि फासे टाकत लढाई खेळायची. माझी बायको अनघा याला ‘चाळिशीतली भातुकली’ म्हणते. म्हणू दे! पुण्याला, बेंगळुरूला अशा वेड्यांचे मेळावे भरतात. आम्ही आपापलं सैन्य एका पेटीत भरून दरवर्षी जायचो. आम्ही म्हणजे मी, खारघरचा नीलेश आणि आम्ही दोघं ज्यांना काका म्हणायचो ते. काका बेलापूरच्या सरकारी कचेरीतून रिटायर झालेले. हात असा की बघत राहावं. त्यांनी आम्हा तिघांचे सरदार बनवले होते, आमच्याच चेहऱ्यांचे. नीलेशच्या मिशा हुबेहूब. माझं टक्कल पगडीखाली गेलं, ते एक बरं झालं.

आमच्यात एक पद्धत. खेळात जो मरतो त्याला टेबलाच्या कडेला पालथा ठेवायचा. पेटीत मात्र सगळे उभे.

दोन वर्षांपूर्वी बेंगळुरूहून परतल्यावर पेटी उघडली, तर काकांचा सरदार पालथा. बाकी एकही माणूस हललेला नाही. “मेलो की काय मी!” म्हणून काका खो-खो हसले. चौथ्या दिवशी खुर्चीत पेपर वाचता वाचता गेले. वय झालं होतं, आम्ही रडलो आणि गप्प बसलो. पण पुढे नीलेशने प्रत्येक सैनिकाच्या तळाला लोहचुंबक चिकटवला आणि पेटीच्या बुडाशी लोखंडी पत्रा बसवला. पेटी उलटी धरून दाखवली मला. एकही पडला नाही.

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघंच पुण्याला निघालो. गाडी नीलेशची. एक्सप्रेसवेवर फूड मॉलला थांबलो, तो चहा आणायला गेला. फासे काढायला म्हणून मी पेटी उघडली.

नीलेशचा सरदार पालथा पडला होता.

चुंबक जागच्या जागी. पत्र्याजवळ नेताच ‘टक्’ करून चिकटला. मी म्हटलं, धक्का बसला असेल. पुढचा सगळा रस्ता पेटी मांडीवर, दोन्ही हात कड्यांवर. पुण्यात हॉलवर पोचून उघडली... पुन्हा पालथा. मी त्याला उभा केला आणि नीलेशला काहीच सांगितलं नाही. काय सांगणार?

“भूत बगितलंस काय रं? पानी पी,” तो म्हणाला. “आन ऐक, आज मुक्काम नाय करायचा. उद्या पोरीचं गॅदरिंग हाय. दुपारचा डाव झाला की निगू, उजेडात घाट उतरू.”

“राहू या रे. मला बरं वाटत नाहीये.”

“मग तर घरीच चल. घाटात झोप माझ्या बाजूला.”

तो नाव नोंदवायला गेला. मी पेटी उघडली. तिसऱ्यांदा पालथा. डोळ्यांपुढे घाट, आणि त्याची ती पोरगी.

काकांनी आमच्या खेळात घरचा एक नियम घातला होता. सरदारावर वार झाला, तर शेजारच्याने ‘मी घेतो’ म्हणायचं. सरदार वाचतो, म्हणणारा पडतो. आणि एकदा म्हटलं की मागे घ्यायचं नाही. शेकडो वेळा म्हटलेलं वाक्य ते, तोंडात बसलेलं. त्या क्षणी दुसरं काही सुचलंच नाही. डोळे मिटले आणि पुटपुटलो, “मी घेतो.”

टक्.

डोळे उघडले. नीलेशचा सरदार उभा होता. मी हात लावला नव्हता. शप्पथ सांगतो, लावला नव्हता.

घाटात आमच्या पुढचा कंटेनर अचानक आडवा झाला. नीलेशने गाडी कशी काढली त्याचं त्यालाही कळलं नाही; कंटेनर आणि कठडा यांच्यामधून, आरसा खरवडत आम्ही बाहेर. पुढे गाडी बाजूला घेऊन तो स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला. “वाचलो रं,” एवढंच म्हणाला. आनंद व्हायला हवा होता, पण मला पेटीकडे बघवेना.

घरी येऊन उघडली. माझा सरदार पालथा.

तेव्हापासून रोज सकाळी मी त्याला उभा करायचो आणि दुसऱ्या दिवशी तो पडलेला असायचा. स्कूटर सोडली. ईसीजी काढला, नॉर्मल आला. जिना उतरताना कठडा धरायला लागलो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना, तसं झालं. नीलेशला सांगणं शक्यच नव्हतं. तो येडा लगेच ‘मी घेतो’ म्हणाला असता, त्याची मला खात्री.

एका रविवारी अनघाने मला पेटीपुढे रडताना पकडलं. मग सगळं सांगितलं. काका, घाट, तो नियम, सगळं. मला वाटलं हसेल. हसली नाही. माझ्या पगडीवाल्याकडे बराच वेळ बघत राहिली.

“एवढं सगळं एकट्याने घेऊन बसलास?” म्हणाली. “जा, आंघोळ करून ये.”

दुसऱ्या दिवशी सरदार उभा होता. तिसऱ्या दिवशीही. आठवडाभर उभाच. मला सुटल्यासारखं वाटलं, दोन घास जास्त जेवलो. आणि मग एका सकाळी, चहा पिता पिता, डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हातातला कप खाली ठेवला.

“अनघा... तू त्याच्यापुढे काही बोललीस का?”

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “चहा गार होतोय.”

मी पुन्हा विचारलं. चिडलो, ओरडलो, हात जोडले. काही केल्या सांगत नाही. “तुझा विश्वास नाही ना असल्या गोष्टींवर? मग पी की गुपचूप,” म्हणते.

चुंबक, पत्रा, रस्त्याचे धक्के, माझं स्वतःचं डोकं, सगळं तपासून झालं. एखादा क्लेम असता तर ‘पुरावा अपुरा’ असा शेरा मारून मोकळा झालो असतो. उत्तर माझ्याकडे नाही; कुणाकडे असेल तर कृपा करून सांगा.

अनघाचा पुतळा काकांनी कधी केला नाही. पेटीत बघून मला काहीच कळायचं नाही. म्हणून हल्ली जाग आली की आधी तिच्याकडे वळतो आणि ती श्वास घेतेय ना, ते बघतो.