तीनदामामांनी एकदाच पाहिलं

त्यांना सगळे तीनदामामा म्हणत. खरं नाव टपालपेटीवर रंगवलेलं होतं, पण टपालवालासुद्धा जिन्यातून "तीनदामामा, पत्र!" अशीच हाक मारायचा. कॉम्प्युटर जोडून देणं हा त्यांचा धंदा, आणि कुठलीही गोष्ट तीनदा तपासल्याशिवाय सोडायची नाही हा स्वभाव. कुलूप लावून खाली उतरलेला हा माणूस दोनदा वर येऊन तेच कुलूप ओढून बघणार. मामी खाली उभ्या राहून म्हणायच्या, "अहो, कुलपालाही लाज वाटत असेल आता."

मामा हसायचे, पण ऐकायचे नाहीत. त्यांच्या हसण्याखाली भीती होती, आणि ती काही उगाच आलेली नव्हती. तरुणपणी त्यांनी घरांचं वायरिंग केलेलं. तिथे चूक झाली की ठिणगी पडते, फ्यूज उडतो, कुणीतरी बोंब मारतं. कॉम्प्युटरच्या डब्यातली चूक तशी नसते. ती गप्प बसते. सुरुवातीच्या दिवसांत एका गिऱ्हाइकाच्या मदरबोर्डावरचा एक प्लग केसभर बाहेर राहिला होता. तीन आठवडे काहीही झालं नाही. चौथ्या आठवड्यात त्या घरातल्या अभ्यासाच्या खोलीचा पडदा पेटला. माणसं वाचली म्हणून बरं. पण त्या दिवसापासून मामांनी स्वतःला नियम घालून घेतला: एकदा डोळ्यांनी, एकदा बोटांनी, एकदा मीटरने. मगच बटण.

घराची पुढची खोली हेच त्यांचं दुकान. खिडकीखाली लांब टेबल, त्यावर रबरी चटई, मानेसारखा वळणारा दिवा, आणि भिंतीला लागून लोखंडी ड्रॉवरचं कपाट. सगळ्यात खालच्या ड्रॉवरमध्ये केबली. मामांनी आयुष्यात एक केबल फेकली नसेल. आणि प्रत्येकीला त्यांनी रंगीत दोरा बांधलेला: या कंपनीला लाल, त्या कंपनीला हिरवा, तिसरीला पिवळा.

त्या दोऱ्यांमागे कारण होतं. केबलीचं बोर्डाकडचं किंवा डिस्ककडचं टोक सगळीकडे सारखंच असतं. पण दुसरं टोक, जे पॉवर सप्लायच्या डब्यात खुपसायचं, तिथे प्रत्येक कंपनीचा कारभार निराळा. प्लग दिसायला तोच, बसतोही मस्त, "टक्" असा आवाजही तोच येतो, आणि आत मात्र जिथे पाच व्होल्ट यायला हवेत तिथे बारा येतात. एका कंपनीची केबल दुसरीच्या डब्याला लावली की संपलं. मामा म्हणायचे, "जी बसत नाही ती केबल बरी. जी बसते तिची भीती बाळगा."

आता मामींचं. मामी टापटिपीच्या. त्यांच्या स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे उभे असत. मागच्या आठवड्यात मामा काहीतरी शोधता शोधता वैतागून ओरडले होते, "या घरात एक वस्तू वेळेवर सापडेल तर शपथ!" मामींनी ते मनाला लावून घेतलं. मामा गिऱ्हाइकाकडे गेलेले बघून त्यांनी तो खालचा ड्रॉवर पूर्ण रिकामा केला, पुसला, केबली लांबीप्रमाणे लावल्या आणि प्रत्येकीला काळी, छान, एकसारखी पट्टी बांधली. ते कळकट दोरे कापून केरात टाकले. मग चार दिवस वाट बघत बसल्या, की ड्रॉवर उघडल्यावर हा माणूस कधी नव्हे ते "वा!" म्हणेल. पण चार दिवसांत मामांनी तो ड्रॉवर उघडलाच नाही.

पाचव्या दिवशी दुपारी भाची आली. मामांच्या धाकट्या बहिणीची एकुलती एक मुलगी, मामांच्या अंगाखांद्यावर वाढलेली. तिच्या मागून दोन हमाल कॉम्प्युटरचा एक भलामोठा काळा कॅबिनेट धापा टाकत वर घेऊन आले.

"अगं, हे काय, फ्रिज आणलास का?" मामा म्हणाले.

"मामा, थट्टा नको. पॉवर सप्लाय मेला. नवा घेतलाय, बोर्डही नवा घेतलाय, सगळ्यात भारीतला. पाच वाजता गाडी येतेय न्यायला. उद्या सकाळी सगळ्यांसमोर दाखवायचंय."

काय दाखवायचं होतं, ते मामांना ठाऊक होतं. बहिऱ्या मुलांच्या एका जुन्या शाळेत शिकलेली म्हातारी माणसं आपापसांत हातांची एक भाषा बोलायची. ती कुठल्या पुस्तकात नव्हती, कुणी शिकवलेली नव्हती. शाळेच्या वसतिगृहात मुलांनीच ती रचली होती. भाची चार वर्षं त्या माणसांच्या घरी जाऊन, त्यांच्यासमोर बसून, त्यांचे हात चित्रित करत होती. बत्तीस माणसं. त्यातली अकरा आता हयात नव्हती. एक आजी तर चित्रीकरणानंतर आठवड्यातच गेल्या होत्या.

"सगळं यातच आहे?" मामांनी विचारलं.

"हो. पण घाबरू नकोस, मी तुझीच भाची आहे. दोन कॉप्या ठेवल्यात." तिने कॅबिनेटच्या तळाशी बोट दाखवलं. तिथे दोन डिस्क होत्या, नव्या पद्धतीच्या, आत काहीही न फिरणाऱ्या. एकीखाली एक, एकाच खोक्यात, एकाच केबलीवर.

मामांच्या मनात पाल चुकचुकली. दुसरी कॉपी दुसऱ्या घरात असावी, हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ओरडून सांगत. तिला म्हणणारही होते, आधी एक डिस्क काढून पिशवीत ठेव म्हणून. पण पोरगी आधीच घड्याळाकडे बघत होती, चेहरा ओढलेला, डोळ्यांखाली काळं. उगाच आणखी धास्ती कशाला, असं त्यांना वाटलं. मामी आतून सरबत घेऊन आल्या आणि तिथेच स्टुलावर टेकल्या.

मामांनी कामाला हात घातला. बोर्ड कॅबिनेटमध्ये बसवला, स्क्रू आवळले, मग केबलींकडे वळले. त्यांचं हे काम बघण्यासारखं असायचं. चोवीस पिनांचा रुंद प्लग त्यांनी बोर्डाच्या उजव्या कडेला धरला, अडकवायचा आकडा कुठल्या बाजूला येतो ते बघितलं, डाव्या हाताने बोर्डाला खालून आधार दिला आणि अंगठ्याने सरळ दाबला. टक्. मग ओढून बघितला. मग वाकून, दिवा आणखी खाली ओढून, प्लग आणि बोर्ड यांच्यात फट राहिलीय का ते पाहिलं. प्रोसेसरचे आठ-आठ पिनांचे दोन प्लग वरच्या डाव्या कोपऱ्यात, पंख्याच्या आणि पत्र्याच्या बेचक्यात. तिथे डोळे पोचत नाहीत, बोटांनीच बघावं लागतं. मामांनी डोळे मिटले. एक टक्. दुसरं टक्. पुन्हा ओढून पाहिलं. पुन्हा वाकले. मग मीटरच्या पिशवीकडे हात नेला.

"मामा," भाची म्हणाली. घड्याळात सव्वाचार झाले होते. "या केबली नव्या पॉवर सप्लायच्या खोक्यातल्याच आहेत ना रे?"

"आहेत की."

"मग? आज एकदाच बघ ना. प्लीज. माझा जीव टांगणीला लागलाय."

मामी हसल्या. "अगं, त्यांना एकदा बघायला सांगणं म्हणजे सूर्याला पश्चिमेला उगवायला सांगणं."

दोघी हसल्या. मामाही हसले, आणि त्यांनी मीटरच्या पिशवीवरचा हात उचलला. गंमत म्हणून म्हणा, भाचीच्या प्रेमापोटी म्हणा. आजवर तीस वर्षांत त्यांनी असं केलं नव्हतं. बोर्डापुरतं ते खपूनही गेलं असतं, कारण तिथल्या केबली खरोखरच त्याच खोक्यातल्या होत्या.

राहिली डिस्कची केबल. नव्या खोक्यातली त्यांनी लावून पाहिली, ती आखूड पडली. कॅबिनेट एवढा अवाढव्य, की पॉवर सप्लाय मागे वर आणि डिस्क पुढे खाली. चार बोटं कमी. मामांनी ओढून पाहिलं, फिरवून पाहिलं. नाही.

"लांब केबल आहे माझ्याकडे याच कंपनीची," ते म्हणाले आणि त्यांनी खालचा ड्रॉवर ओढला.

ड्रॉवर लोण्यासारखा सरकला. आत केबली रांगेत निजलेल्या. लांब, त्याहून लांब, सगळ्यात लांब. काळ्या पट्ट्या. दोरा एकही नाही.

मामा वाकलेले होते तसेच राहिले. मामी मागून म्हणाल्या, "कसा लावलाय? सांगा की काहीतरी!" त्या आवाजात कौतुकाची किती भूक होती!

आता इथे एक वाक्य बोलायचं होतं. "अगं, दोरे कुठे गेले?" एवढंच. किंवा काही न बोलता मीटर काढायचा होता; दोन मिनिटांचं काम. पण बायको टक लावून बघत होती, भाची घड्याळ बघत होती, आणि मामांना आठवत होतं की याच कंपनीची केबल चपटी आहे, जाड आहे, सगळ्यात लांब आहे. सगळ्यात लांब तर समोरच होती. चपटीही होती.

"छान लावलायस," मामा म्हणाले आणि त्यांनी ती उचलली.

डब्याकडचं टोक खुपसलं. टक्. दुसरी बाजू दोन्ही डिस्कना लावली, वरचीला आणि मग खालचीला. ओढून पाहिली. घट्ट. अगदी घट्ट बसली होती. मामांचा हात क्षणभर केबलीवरच राहिला, आणि मनातलं काहीतरी त्यांना मागे खेचत होतं, स्पष्ट, शर्टाला धरून खेचावं तसं. खाली गाडीचा हॉर्न वाजला.

"आली!" भाची म्हणाली. "मामा, लाव ना."

मामांनी बटण दाबलं.

पंखे फिरले. बोर्डावर निळे दिवे लागले. मग खाली, डिस्कच्या बाजूला, अगदी बारीक आवाज झाला, नखाने नख मोडावं एवढा. दिवे गेले. पंखे थांबले. खोलीत तो वास पसरला. ज्याने एकदा घेतलाय त्याला तो जन्मात विसरता येत नाही.

"काय झालं?" भाचीने विचारलं. "मामा? काय झालं?"

मामांनी केबल उपसली, डिस्क काढल्या. एकीच्या तळाशी तपकिरी डाग होता. दुसरीच्याही. त्यांनी मीटर काढला, आता काढला, आणि ती चपटी केबल पुन्हा डब्यात खुपसून तिच्या दुसऱ्या टोकाला लावून पाहिला. पाचच्या जागी बारा.

बोर्ड मात्र शाबूत होता. त्याला ओरखडासुद्धा नव्हता.

"दोन्ही?" भाची म्हणाली. मामांनी मान हलवली. ती खाली बसली, फरशीवरच. मग ती त्या अकरा माणसांची एकेकाची नावं घेऊ लागली. मामी तिच्याजवळ गेल्या, तर तिने त्यांचा हात धरला आणि विचारलं, "असं कसं झालं पण? मामाच्या हातून असं कसं होईल?"

मामींनी उघड्या ड्रॉवरकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे. त्या बाईला विजेतलं काही कळत नव्हतं, पण तीस वर्षं एका घरात काढल्यावर काय समजायचं ते समजतं.

"त्या केबलींना दोरे होते," त्या म्हणाल्या. "रंगाचे. ते मी काढले. आवरताना. मला माहीत नव्हतं गं, खरंच माहीत नव्हतं."

भाचीने त्यांचा हात सोडला.

बोला ना हो, मामा! आता बोलायचं. दोरे नाहीत हे तुम्ही पाहिलं होतं. मीटर हाताशी होता. दोन मिनिटं होती. ती बिचारी स्वतःहून मान पुढे करतेय, तुम्ही नुसतं "थांब" म्हणा. पण मामा वाकून जमिनीवर पडलेला एक स्क्रू शोधत राहिले. शरमेने म्हणा, भीतीने म्हणा. आपल्याला इतका सावध समजलेल्या पोरीच्या डोळ्यांतून आपण उतरू, ही भीती त्या घडीला त्यांना सगळ्यात मोठी वाटली.

डिस्क दूरच्या एका प्रयोगशाळेत पाठवल्या. पाच आठवड्यांनी त्या परत आल्या, आतल्या चिपाच जळाल्यात, काही निघणार नाही अशा चिठ्ठीसकट. या पाच आठवड्यांत ही गोष्ट नातेवाइकांत पसरली, पण पसरली ती अशी: तीनदामामांच्या बायकोने हात लावला आणि पोरीच्या चार वर्षांची राख झाली. मामांकडे लोक सहानुभूतीने बघत. गिऱ्हाइकं उलट वाढली. मामा पूर्वीसारखेच तीनदा तपासत राहिले. घरात दोघं जेवत, झोपत, भाजी काय करायची ते विचारत. त्या दुपारबद्दल मात्र मामींनी एकदाही विषय काढला नाही, आणि रोज उठल्यावर मामांना वाटायचं की आज सांगू, संध्याकाळी सांगू.

मग एके दिवशी भाची आली. रिकामा कॅबिनेट न्यायला. विकून टाकणार होती. वाळली होती. मामांच्या समोर बसली आणि म्हणाली, "मामा, तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझी काहीच चूक नव्हती, मला माहितेय." स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. तरी तिने आवाज उतरवला नाही. उलट जरा चढवलाच. "पण मामींना मी कधी माफ करणार नाही. त्यांच्या घरात पाणीही पिणार नाही."

मामा म्हणाले, "हं."

आतल्या भांड्यांचा आवाज थांबला. थोड्या वेळाने मामी दोन कप चहा घेऊन बाहेर आल्या. त्यांनी एक भाचीसमोर ठेवला, एक नवऱ्यासमोर. भाची कपाकडे न बघता उठली, "येते मामा" म्हणाली आणि जिना उतरून गेली. मामी तिथेच उभ्या राहिल्या, पदराला हात पुसत, नवऱ्याच्या तोंडाकडे बघत. त्यांनी खूप वेळ वाट पाहिली.

मामांनी कप उचलला आणि चहा प्यायला सुरुवात केली.