दोष बारुदीचा

इथं थंडी सुरू झाली की दारामागच्या खुंटीवर कोटावर कोट चढत जातात. तळातला एक ओढायला जावं, तर सगळे अंगावर येतात. विमच्या शेडमधल्या गोष्टींचं तसंच आहे. एक सांगायला बसते आणि चार पायात येतात.

विम म्हणजे आमचा आइंडहोवनचा शेजारी. जन्मभर लेथवर उभा राहिलेला डच म्हातारा. बायको रिया गेल्यापासून एकटा. तो आणि माझा लेक अभिजीत एकाच रायफल क्लबात. लांबच्या निशाण्यावर गोळी मारायची, आणि त्यासाठीची काडतुसं दुकानातून न आणता, रीतसर परवाना काढून, शेडमध्ये स्वतःच्या हातानं भरायची, हा दोघांचा छंद.

अभिजीत कामावर गेला, सूनबाई मुग्धा कामावर गेली, की घर खायला उठायचं. मग मी विणकाम घेऊन विमच्या शेडमध्ये. त्याला मराठी येत नाही, मला डच येत नाही. शनिवारी अभिजीत मध्ये बसून एकाचं दुसऱ्याला सांगायचा, एरवी सगळं खुणांवर. भांडायची सोयच नाही!

*

पहिल्या पहिल्यांदा मला त्यांचं काही कळेना. काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या घासायच्या, त्यांच्या तोंडाचं माप घ्यायचं, बारूद कण कण तोलून घालायची, वर गोळी बसवायची.

"अरे, उडाली गोळी की झालं. एवढं काय सोनं तोलल्यासारखं?"

"आई, प्रत्येक गोळी एकाच वेगानं सुटली पाहिजे. जवळ फरक दिसत नाही. पण लांब जाईपर्यंत हळू सुटलेली खाली बसते, जोरात सुटलेली वर लागते. नेम बरोबर असूनही चुकतं."

"मग जवळ जाऊन मारा की!"

अभिजीतनं हे विमला सांगितलं. तो मोठ्यानं हसला. मग म्हणाला, "रिया पण हेच म्हणायची." आणि त्यानं पुढची पुंगळी घासायला घेतली.

*

बारूद तोलायचा काटा एवढासा, इलेक्ट्रॉनिक. एका हिवाळ्यात त्याचा आकडा एका जागी ठरेना. अभिजीतनं मोबाइल बाहेर ठेवले, ट्यूबलाइट बदलली, काट्याखाली फरशी घातली. आकडा आपला नाचतोच आहे!

शेवटी विम शेडच्या मधोमध उभा राहिला, तळहात हवेत धरला आणि हळूच वळून माझ्याकडं बघायला लागला. माझ्या पायाशी त्यानंच प्रेमानं ठेवलेला हीटर. त्याचा पंखा वारं सोडत होता, ते थेट काट्यावर!

हीटर गेला. उरलेला हिवाळा मी कोट, शाल आणि मुग्धाची लोकरी टोपी घालून बसले. तरी विमचा निरोप आलाच, "ओमा, श्वास घ्यायला हरकत नाही. फक्त भिंतीकडं तोंड करून!"

ओमा म्हणजे आजी. त्याच्यापेक्षा मी दोनेक वर्षांनी लहानच असेन!

*

दिवाळीच्या आधी मी चिंच लावून समई घासत होते. विम कुंपणावरून बघत होता. पितळ लखलखायला लागलं तसे त्याचे डोळेही लखलखले. खुणेनंच चिंचेचा गोळा मागून घेतला.

अभिजीत म्हणाला, "विम, नको. आंबट आहे ते." पण विम ऐकतोय थोडाच! सगळ्या पुंगळ्या चिंचेत बुडवून, आतूनबाहेरून चोळून, देवाच्या उपकरण्यांसारख्या ओळीनं मांडून ठेवल्या.

दोघं नेमबाजीच्या रेंजवर गेले आणि वेगाचा पार बोजवारा. पुंगळीच्या तोंडाशी आतून थोडी काजळी लागते म्हणे, तिच्यावर गोळी एकसारखी सरकते. इथं तर सगळं चाटूनपुसून साफ. गोळी कुठं घट्ट, कुठं सैल!

"विम, या देवघरात शोभतील. रायफलीत नकोत," अभिजीत म्हणाला.

सगळ्या भंगारात गेल्या. एक तेवढी विमनं ठेवली. रियाच्या फोटोपुढं ती अजून उभी आहे. तिच्यात एकच बारकं फूल मावतं.

*

मग मला नोकरी लागली!

रायफलीच्या नळीला पट्ट्यानं वेग मोजायचं यंत्र बांधतात. वायरीच्या दुसऱ्या टोकाला छोटा स्क्रीन. मारणारा पालथा पडलेला, तेव्हा आकडा वाचायला मागं कुणीतरी हवं. मी शाळा बघितली नाही. अक्षरं मी अभिजीतच्या पहिलीच्या पाटीवर शिकले, पण आकडे बाजारातच आले होते. त्यांची डच नावं विमनं शिकवली. बरोबर वाचलं की बिस्कीट. तेही इथल्या रीतीनं, एकच! घेतलं रे घेतलं की डब्याचं झाकण खाड्कन बंद.

रेंजवर मी कानावर आवाज अडवणारे ते मोठे डबे चढवून खुर्चीत बसायची आणि ओरडायची, "आख्त, नुल, फीर!" म्हणजे आठ, शून्य, चार. शेजारचे वळून बघायचे.

विम त्यांना सांगायचा, "माझी सेक्रेटरी आहे. एका बिस्किटावर राबते!"

*

पुढं त्याच्या कपातली कॉफी बशीत सांडायला लागली. "कप जुना झालाय," म्हणायचा. मग काट्यावरची बारूद सांडायला लागली. तेव्हा कप कुठं होता?

डॉक्टरकडं अभिजीतच घेऊन गेला. हात कापण्याचं दुखणं. वाढत जाणारं.

त्या शनिवारी विम शेडमध्ये म्हणाला, "निशाण चुकतं, तेव्हा मी म्हणतो दोष बारुदीचा. वेग कमीजास्त होतोय तोवर म्हणता येतं. अभिजीत, आता तू भर. माझा हात लागायला नको. वेग एकसारखा कर. मग मी मारतो. तरीही चुकलं, तर दोष कुणाचा ते कळेल, आणि मी रायफल परत करीन."

रिया गेल्यावर हा माणूस घराबाहेर पडत होता तो फक्त रायफलीपायी. अभिजीतनं विमचं बोलणं मला सांगितलं ते खाली बघूनच.

*

अभिजीतनं सगळा हिवाळा त्यात घातला. ऑफिसात तो केसाहून बारीक मापं घेतो, त्याला हे काय जड! एका संध्याकाळी पानावर बसला आणि घास मोडून तसाच ठेवला.

"आई, जमलं. आज मी मारून बघितली. वेग एकसारखा येतोय."

"मग तोंड का उतरलंय?"

मुग्धा म्हणाली, "आई, त्याला वाटतंय, जमायला नको होतं."

भाजी कुणीच दुसऱ्यांदा घेतली नाही.

*

जर्मनीच्या हद्दीतल्या लांबच्या रेंजवर गेलो. आभाळ खाली आलेलं, बारीक पाऊस, चिखल. विम चटईवर पालथा पडला. मी खुर्ची पुढं ओढली, तर अभिजीतनं स्क्रीन स्वतःच्या हातात घेतला.

"आज मी बघतो, आई."

विम मारत गेला. मी लेकाच्या खांद्यावरून बघत होते. आख्त, नुल, फीर. आख्त, नुल, फीर. एकदा शेवटचा आकडा फेइफ आला, म्हणजे पाच, मग पुन्हा फीर.

मग कागदाचं निशाण आणलं. भोकं साऱ्या कागदभर. वर, खाली, दोन तर कडेला.

विम उठून बसला. कागद मांडीवर घेऊन बघत राहिला. अभिजीत म्हणाला, "पुन्हा तेच, विम. एक जोरात, एक हळू. बारूद अजून जमत नाहीये."

विमनं त्याच्याकडं बघितलंच नाही. चष्मा त्याच्या गळ्यात दोरीला लोंबत होता. स्क्रीन हाताच्या अंतरावर होता. तो माझ्याकडं वळला.

"ओमा? आख्त, नुल..." एवढं म्हणून थांबला. पुढचा आकडा मी म्हणायचा, शेडमध्ये म्हणायचे तसा.

मी मोडक्यातोडक्या डचमध्ये म्हटलं, "इक नीट लेझन! मला कुठं वाचता येतं, बाबा!"



"म्हणजे बारूदच," विम म्हणाला. कागदाची घडी घालून त्यानं खिशात ठेवली. पिशवीतून बिस्किटांचा डबा काढला, कापत्या हातानं उघडला आणि माझ्यापुढं धरला.

मी एक घेतलं. त्यानं झाकण लावलं नाही.