पांढऱ्या अळ्या

मुखेडच्या पुढे एका गावात मी शेतमजूर बायांना कमी विषाची शेती शिकवायला जात असे. मी रेणापूरकडचा, शेतकी पदविका झालेला, एका छोट्या संस्थेत नोकरीला. बाया खुरपणीहून परतल्या की शाळेच्या ओट्यावर वर्ग भरायचा. लोक विचारायचे, रान मालकाचं, मग शिकवता मजुरांना कशाला? पण पिकाला रोज हात लागतो तो त्यांचाच, आणि विषही पहिलं त्यांच्याच अंगावर येतं.

वर्गात एक मावशी होत्या. पंचेचाळिशीच्या, अक्षरओळख नसलेल्या, पण एकदा सांगितलेलं न विसरणाऱ्या. आदल्या वर्षी त्यांची सून खुरपत असताना शेजारच्या रानात फवारणी चालू झाली, आणि वाऱ्यावर आलेल्या फवाऱ्यानं ती बांधावरच कोसळली. मुखेडच्या दवाखान्यात चार दिवस होती. त्यानंतर मावशींनी माझा एकही वर्ग चुकवला नाही.

त्या वर्षी त्यांनी दोन एकर सोयाबीन बटईनं, म्हणजे पिकाच्या वाटणीवर, केलं. मालक मुखेडचे कापडदुकानदार. सगळे त्यांना अप्पा म्हणत. "सरांनी शिकवलं तसंच पिकवीन," ही मावशींची अट अप्पांनी हसत मान्य केली होती.

श्रावणात अळी पडली. आठवडाभर झड लागलेली, आभाळ भरलेलं. मावशी रोज सकाळी दोन ओळींमध्ये जुनं पांढरं लुगडं अंथरायच्या, हातभर अंतरातली झाडं त्यावर हलवायच्या आणि पडलेली प्रत्येक अळी मोजून मुठीत तुरीचा एक दाणा घ्यायच्या. मी शिकवलेलीच पद्धत, दाण्यांची युक्ती त्यांची. पहिल्या दिवशी दोन दाणे, मग चार. निंबोळीचा अर्क फवारून झाला, तरी एके सकाळी त्यांचा फोन आला.

"सर, मुठीत नऊ हायेत. पानाची चाळण होऊन राहिली."

मी गाडी काढली. पोचलो तेव्हा अप्पा बांधावर उभे होते. शेजारी पाठीवर पंप लावलेला फवारणीवाला, पायाशी औषधाचा डबा. मावशी वाटेच्या मधोमध उभ्या. मागं बाजूच्या तुरीत सात-आठ बाया खुरपत होत्या, सून त्यांच्यातच.

"तुमच्या शाळेपायी माझं रान जाऊन राहिलं, सर," अप्पा म्हणाले. आवाज चढवला नव्हता, म्हणून जास्त लागलं. "आता काय करायचं ते तुमीच सांगा हिला."

मी पिकात उतरलो. पानांच्या नुसत्या शिरा राहिल्या होत्या. पीक गेलं असतं तर मावशींचं वर्ष गेलं असतं, आणि त्या गावात माझं कुणी पुन्हा ऐकलं नसतं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला यातल्या दुसऱ्या गोष्टीचीच भीती जास्त होती.

"मावशी," मी म्हणालो, "फवारू द्या."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला नजर खाली घ्यावी लागली. मग त्यांनी पदराच्या टोकाची गाठ सोडली. आत एक मेलेली अळी होती. काडीसारखी ताठ, चुना लावल्यासारखी पांढरी.

"ही आजारी पडून मेली का न्हाई? तुमीच फोटू दाखवला व्हता. अशा अजून पाच घावल्या."

दाखवला होता. दमट हवेत अळीला बुरशीचा रोग होतो, असं वर्गात मी ओझरतं बोललो होतो. स्वतः मात्र पुस्तकाबाहेर तो रोग कधी पाहिला नव्हता. मी ती अळी तळहातावर घेतली.

"अप्पा, परवा सकाळपर्यंत थांबा," मी म्हणालो.

"आणि न्हाई मेल्या तर?"

मावशी म्हणाल्या, "मंग मीच पंप उचलते. पर आज न्हाई."

अप्पांनी पायाशी ठेवलेला डबा उचलला. मग फवारणीवाल्याला म्हणाले, "चल. परवा ये."

त्या संध्याकाळी, रोग बाकीच्या अळ्यांनाही लागावा म्हणून, मावशींनी पांढऱ्या अळ्या वेचून पाण्यात चुरल्या, फडक्यानं गाळल्या आणि विष कधी न घातलेल्या पंपानं ते पाणी पिकावर मारलं.

दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं. बुरशीला ओल लागते. मी मुखेडमधल्या माझ्या खोलीत बसून खिडकीतलं ऊन बघत होतो, जेवण गेलं नाही. दोनदा फोन उचलला, दोनदा ठेवला. दुपारी चारनंतर आभाळ पुन्हा दाटलं आणि भुरभुर सुरू झाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी अप्पांच्या आधी पोचलो. पानापानाला पांढऱ्या अळ्या चिकटलेल्या होत्या. मावशींनी लुगडं अंथरलं, झाडं हलवली. जिवंत पडल्या फक्त दोन. त्यांनी दुसरीकडे अंथरलं. तिथं एकच. अप्पा आले, चपला बांधावर काढून ओळीओळीनं फिरले. परत आल्यावर म्हणाले, "कामून झालं हे?" मावशींनी त्यांना सगळं समजावलं.

पीक पूर्ण वाचलं नाही. ओढ्याकडच्या पट्ट्यात शेंगा कमी भरल्या, आणि वाटणीच्या वेळी अप्पांनी ते बोलून दाखवलं. तरी पुढच्या वर्षीचं रान त्यांनी मावशींनाच दिलं.

पुढच्या वर्गात मी बायांसमोर कबूल केलं की त्या दिवशी मी फवारायला सांगितलं होतं.

"सर भ्याले व्हते," मावशी म्हणाल्या. सगळ्या हसल्या. मग त्यांनीच हसू आवरलं. "मी बी भ्याले व्हते. रातभर डोळा न्हाई लागला."

पुढच्या वर्षी झड लागलीच नाही. ऊन, अळी, आणि तिच्या रोगाचा पत्ता नाही. मुठीत दहा दाणे झाले तेव्हा मावशींनी स्वतःच मला फोन केला. "सर, एका पट्ट्यात औषध मारावं लागंल. किती मारू, ते सांगा." मी प्रमाण सांगितलं. पाठ झालं की नाही हे बघायला त्यांनी ते मला दोनदा म्हणून दाखवलं.